जाळ्यातले नाव नोंदवायलाच हवे का?

कार्यालयात दहा-पंधरा संगणक आले आणि ते एकमेकांना जोडायचे ठरले, की जोडणी करून देणारा तंत्रज्ञ एक प्रश्न हमखास विचारतो : ‘डोमेनला नाव काय द्यायचे?’ बहुतेक ठिकाणी हा प्रश्न अर्ध्या मिनिटात निकालात निघतो. संस्थेच्या नावाची आद्याक्षरे घ्यायची, त्यापुढे ‘डॉट लोकल’ किंवा ‘डॉट कॉर्प’ जोडायचे आणि पुढच्या कामाला लागायचे. हे नाव कुठे अधिकृतपणे नोंदवायला हवे काय, त्यासाठी कोणाची परवानगी लागते काय, हा विचार त्या वेळी कोणाच्या मनात येत नाही. तो येतो पाच-सात वर्षांनी. दुसरी शाखा उघडल्यावर, कर्मचारी घरून काम करू लागल्यावर किंवा दुसऱ्या संस्थेशी विलीनीकरण झाल्यावर. तोवर ते नाव प्रत्येक संगणकात, प्रत्येक छपाईयंत्रात आणि प्रत्येक परवलीच्या शब्दामागे रुजलेले असते.

कायद्याच्या भाषेत उत्तर द्यायचे तर ते थोडक्यात देता येईल. कार्यालयाच्या चार भिंतींच्या आत चालणाऱ्या जाळ्याचे नाव नोंदविण्याची सक्ती भारतात सर्वसाधारण संस्थांवर नाही. ते नाव इंटरनेटवर, म्हणजे जगासमोर, वापरायचे असेल तर मात्र नोंदणीवाचून गत्यंतर नाही. कारण नोंदणीशिवाय ते नाव जगाला सापडणारच नाही. अडचण या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात आहे. आतले म्हणून ठेवलेले नाव एक दिवस बाहेर पडते, आणि बाहेर ते दुसऱ्या कोणाच्या तरी मालकीचे असते.

गावात ‘पाटलांचा वाडा’ एवढे सांगितले तरी पत्र पोहोचते. तोच पत्ता पुण्याच्या टपाल कार्यालयात दिला तर पोस्टमन कपाळाला हात लावील. संगणकाच्या नावांचेही तसेच आहे. जाळे लहान असते तोवर नाव एकमेव असण्याची गरज त्या जाळ्यापुरतीच असते. जाळे जाळ्याला जोडले गेले, की तीच गरज जगभराची होते.

इंटरनेटच्या आरंभकाळी ही अडचण फार सोप्या रीतीने सोडविली गेली होती. जोडलेल्या सर्व यंत्रांची नावे एकाच फाइलमध्ये लिहिलेली असत आणि ती फाइल कॅलिफोर्नियातील स्टॅनफोर्ड रीसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जाई. नवे यंत्र जोडायचे असेल तर तेथे कळवायचे. नाव आधीच कोणी घेतलेले नसेल तर ते यादीत चढे. एलिझाबेथ फाइनलर यांच्या नेतृत्वाखालील एक छोटा चमू हे काम पाही. यंत्रे वाढत गेली तशी ही यादी अपुरी पडू लागली आणि १९८३मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आज प्रचलित असलेली डोमेन नावांची पद्धत मांडली. एकच मोठी यादी ठेवण्याऐवजी नावांचे झाड करायचे, आणि प्रत्येक फांदीची जबाबदारी वेगळ्या संस्थेकडे द्यायची, ही त्यामागची कल्पना. ‘डॉट कॉम’ ही एक फांदी, ‘डॉट इन’ ही दुसरी. फांदीवर नवे पान लावायचे, तर त्या फांदीच्या राखणदाराकडे नोंद करायची. ‘डॉट कॉम’मधील पहिले नाव मार्च १९८५मध्ये नोंदले गेले. पुढची दहा वर्षे ही नोंदणी फुकट होती. सप्टेंबर १९९५पासून दोन वर्षांना १०० डॉलर असे शुल्क सुरू झाले आणि नावांचा खऱ्या अर्थाने बाजार भरला.

याच सुमारास दुसरीही एक योजना आकाराला येत होती, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार मानके ठरविणाऱ्या मंडळींनी १९८८मध्ये ‘एक्स.५००’ नावाची निर्देशिका-पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात जगाचे एकच झाड होते : वर देश, त्याखाली संस्था, त्याखाली विभाग आणि सर्वांत खाली व्यक्ती. या झाडात संस्थेचे नाव बसवायचे तर त्या देशातील कोणी तरी अधिकृत नोंदवही ठेवायला हवी, हे ओघाने आले. अमेरिकेत ‘आन्सी’ या मानक संस्थेने अशी नोंदवही चालविलीही. पण सारे जग एका निर्देशिकेत बसविण्याचे हे स्वप्न प्रत्यक्षात उतरले नाही. लोकांनी हलकीफुलकी डोमेन पद्धतच उचलून धरली. त्या भव्य योजनेचा एक अवशेष मात्र आपल्या रोजच्या वापरात उरला आहे. बँकेच्या संकेतस्थळाच्या सुरक्षा-प्रमाणपत्रात आणि आयकर विवरणपत्रावर उमटणाऱ्या डिजिटल स्वाक्षरीत देश, संस्था, व्यक्ती असे जे रकाने असतात, ते तिथूनच आलेले आहेत.

पावणेचार लाख संगणकांची चुकलेली वाट

आतल्या नावांचा प्रश्न किती गंभीर होऊ शकतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण ‘कॉर्प डॉट कॉम’ हे आहे. विंडोजवर चालणाऱ्या कार्यालयीन जाळ्याच्या ‘अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी’ या व्यवस्थेच्या जुन्या आवृत्त्यांत ‘कॉर्प’ हे नाव नमुन्यादाखल दिलेले असे. पुष्कळ कंपन्यांनी नमुना न बदलता तेच नाव कायम केले. कार्यालयात असताना संगणक ‘कॉर्प’ला हाक मारी आणि आतला सर्व्हर ओ देई. तोच लॅपटॉप घेऊन कर्मचारी विमानतळावर किंवा उपाहारगृहात गेला, की संगणक सवयीने तीच हाक बाहेरच्या जगाला मारी; आणि नाव पुरे करण्याच्या खटपटीत काही वेळा ती हाक थेट ‘कॉर्प डॉट कॉम’ या खऱ्याखुऱ्या पत्त्यावर जाऊन पोहोचे.

हा पत्ता अमेरिकेतील एका गृहस्थांनी १९९४मध्ये घेऊन ठेवला होता. सुरक्षातज्ज्ञांनी तेथे काय येऊन पडते याची चाचणी २०१९मध्ये घेतली, तेव्हा पावणेचार लाखांहून अधिक संगणक त्या पत्त्याकडे माहिती धाडू पाहत असल्याचे दिसले. त्या माहितीत लॉगइनचा तपशील होता, ई-मेल होते, कार्यालयीन फाइलींची मागणी होती. फेब्रुवारी २०२०मध्ये मालकाने हे नाव विक्रीला काढले. बोलीची सुरुवात होती १७ लाख डॉलर. ते भलत्याच हाती पडले असते तर हजारो कार्यालयांच्या किल्ल्या त्याच्या खिशात गेल्या असत्या. अखेर एप्रिल २०२०मध्ये मायक्रोसॉफ्टनेच ते विकत घेतले. किंमत जाहीर झाली नाही. ज्या कंपन्यांचे संगणक अशी हाक मारत होते, त्यांच्यापैकी कोणीही कसला कायदा मोडला नव्हता. त्यांनी फक्त दुसऱ्याच्या मालकीचे नाव आपले समजून वापरले होते.

‘हे नाव बाहेर अस्तित्वातच नाही, मग काळजी कसली?’ हा युक्तिवाद एके काळी खरा होता. टोकाच्या फांद्या, म्हणजे ‘डॉट’च्या नंतरचे शब्द, मोजकेच होते. डोमेन नावांचा जागतिक कारभार पाहणाऱ्या ‘आयकॅन’ या संस्थेने २०१२मध्ये नव्या फांद्यांसाठी अर्ज मागविले आणि १,९३० अर्ज आले. त्यांत ‘डॉट कॉर्प’, ‘डॉट होम’ आणि ‘डॉट मेल’ यांसाठीही अर्ज होते. तपासणी झाली तेव्हा लक्षात आले, की यांतील काही नावे अधिकृतरीत्या अस्तित्वात नसतानाही जगभरातील संगणक त्यांची विचारणा मूळ सर्व्हरांकडे प्रचंड प्रमाणात करीत आहेत. खासगी जाळ्यांतून गळणाऱ्या हाकाच त्या. ही तीन नावे कोणालाही न देण्याचा निर्णय आयकॅनने फेब्रुवारी २०१८मध्ये घेतला. इतर शेकडो नावे मात्र वाटली गेली. देताना खबरदारी म्हणून नवे नाव सुरुवातीचे ९० दिवस १२७.०.५३.५३ या विचित्र पत्त्याकडे वळविण्यात येई, म्हणजे आपल्या नोंदींत हा आकडा दिसताच जाळ्याच्या व्यवस्थापकाने सावध व्हावे. नोंदी उघडून पाहण्याची सवय किती कार्यालयांत असते, हा भाग वेगळा.

‘डॉट डेव्ह’ची गोष्ट अशीच. प्रोग्रॅमर मंडळी आपल्या संगणकावरच्या चाचणीसाठी हे नाव बिनदिक्कत वापरीत. २०१४मध्ये ही फांदी गूगलकडे गेली. डिसेंबर २०१७मध्ये क्रोम या ब्राउझरने ‘डॉट डेव्ह’च्या सर्व पत्त्यांना सुरक्षित जोडणी सक्तीची केली आणि एका सकाळी असंख्य प्रोग्रॅमरांची चाचणीची पाने उघडेनाशी झाली. हे नुकसान किरकोळ होते. परंतु मे २०१६मध्ये अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने दिलेला इशारा अधिक चिंताजनक होता. कार्यालयातील संगणक इंटरनेटवर जाण्याचा मार्ग आपोआप शोधण्यासाठी जी विचारणा करतो, ती बाहेर गळली आणि नव्याने वाटलेल्या एखाद्या फांदीवर कोणी तेच नाव घेऊन बसला असेल, तर त्या कार्यालयाची सारी ये-जा तो आपल्या दारावरून नेऊ शकतो, असा तो इशारा होता. आयकॅनने अर्जांच्या पुढील फेरीसाठी एप्रिल २०२६ हा महिना मुक्रर केला. त्यामुळे आज रिकामी दिसणारी नावे उद्याही रिकामीच असतील, याची हमी नाही.

‘डॉट लोकल’ वापरणाऱ्यांची गत थोडी निराळी आहे. लहान कार्यालयांसाठीच्या मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरमध्ये हेच नाव सुचविले जाई. म्हणूनच आपल्याकडील अनेक पेढ्या-दवाखान्यांत ते आढळते. दुसरीकडे अ‍ॅपलने २००२पासून शेजारची यंत्रे आपोआप शोधण्यासाठी हाच शब्द वापरायला घेतला आणि २०१३मध्ये इंटरनेटच्या मानकांत तो त्याच कामासाठी अधिकृतपणे राखून ठेवण्यात आला. हे नाव कोणी विकत घेणार नाही, ही जमेची बाजू. पण एकाच कार्यालयात विंडोज सर्व्हर आणि अ‍ॅपलचे संगणक आले, की सर्व्हर कधी सापडतो, कधी सापडत नाही, असा लपंडाव सुरू होतो. शिवाय नोव्हेंबर २०१५नंतर अशा अनोंदणीकृत नावांसाठी सार्वजनिक सुरक्षा-प्रमाणपत्रे मिळणेही बंद झाले. आतल्या मेल सर्व्हरसाठी ‘डॉट लोकल’ नावाचे प्रमाणपत्र वापरणाऱ्या कार्यालयांची त्या वेळी बरीच धावपळ झाली होती.

मग आतल्या जाळ्याला नाव द्यावे तरी काय? जाणकारांचा कल एका साध्या उपायाकडे आहे. संस्थेने स्वतःचे एक डोमेन रीतसर नोंदवावे आणि आतल्या जाळ्यासाठी त्याचेच उपनाव वापरावे. म्हणजे संकेतस्थळ ‘संस्था डॉट इन’ असेल, तर आतले जाळे ‘आतील डॉट संस्था डॉट इन’. हे उपनाव कुठेही नोंदवावे लागत नाही. मूळ नाव आपले असल्याने त्याखालच्या साऱ्या नावांवर हक्क आपोआप येतो. हाक बाहेर गळली तरी ती आपल्याच दारी येते. ज्यांना नोंदणीच नको आहे त्यांच्यासाठीही आता वाट मोकळी आहे. आयकॅनने जुलै २०२४मध्ये ‘डॉट इंटर्नल’ हे नाव खासगी जाळ्यांसाठी कायमचे राखून ठेवले. १९२.१६८ने सुरू होणारे आकडी पत्ते १९९६पासून जसे कोणाच्याही खासगी वापरासाठी मोकळे आहेत, तसेच हे. मात्र ‘डॉट इंटर्नल’ वापरणाऱ्या दोन संस्था उद्या एकत्र आल्या आणि दोघींचेही आतले नाव एकच निघाले, तर भांडण अटळ आहे. चालू जाळ्याचे नाव बदलणे तर त्याहून अवघड. विंडोजच्या सर्व्हरमध्ये २००३पासून तशी सोय आहे. पण त्या जाळ्यावर एक्सचेंजचा मेल सर्व्हर २००७ वा त्यानंतरच्या आवृत्तीचा असेल, तर कंपनी त्या बदलाला पाठिंबाच देत नाही. नवे जाळे उभारून सगळे संगणक एकेक करून हलविणे एवढाच पर्याय उरतो.

कंपनी नोंदविली म्हणजे नाव मिळाले, असे नाही

बाहेरच्या नावाबाबत सर्वाधिक गैरसमज आहे तो हाच. कंपनी निबंधकाकडे कंपनी नोंदते, सार्वजनिक न्यास धर्मादाय आयुक्तांकडे, सहकारी संस्था सहकार खात्याकडे, आणि व्यापारचिन्हाची नोंद तिसरीकडेच. या प्रत्येक वहीत एकच नाव वेगवेगळ्या संस्थांना मिळू शकते. डोमेनच्या वहीत मात्र ते एकालाच मिळते, आणि तेही जो आधी येईल त्याला. सरकारदरबारी चाळीस वर्षे नोंद असलेल्या संस्थेचे नाव कालच्या एखाद्या उपद्व्यापी माणसाने घेतले असेल, तर नोंदणी करणारी यंत्रणा त्याला आधी अडवीत नाही.

अशा वेळी दाद मागण्याचा मार्ग न्यायालयांनी खुला केला आणि त्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. ‘रेडिफ’ या प्रसिद्ध नावातील एकच अक्षर बदलून ‘रॅडिफ डॉट कॉम’ हे नाव घेणाऱ्यांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने १९९९मध्ये मनाई हुकूम दिला. डोमेन नाव म्हणजे केवळ इंटरनेटवरचा पत्ता नव्हे, व्यापारचिन्हाला मिळते तेवढेच संरक्षण त्यालाही मिळायला हवे, असे मत न्यायालयाने नोंदविले. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने ‘याहू’च्या बाजूने तसाच निर्णय दिला होता. पुढे सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफिनेट सोल्युशन्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे २००४मध्ये यावर शिक्कामोर्तब केले. भारतात डोमेनच्या तंट्यांसाठी स्वतंत्र कायदा नसला, तरी दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपविण्याविरुद्धची व्यापारचिन्ह कायद्यातील तत्त्वे येथेही लागू होतात, असा त्याचा मथितार्थ. ‘डॉट इन’च्या तंट्यांसाठी २००५पासून लवादाची वेगळी सोयही आहे. तरीही वर्षाकाठी काही शे रुपये भरून टळणाऱ्या गोष्टीसाठी वकील गाठावा लागणे, हा काही फायद्याचा सौदा नव्हे.

‘डॉट इन’ची राखण ‘निक्सी’ ही २००३मध्ये स्थापन झालेली, नफ्यासाठी न चालणारी कंपनी करते. २००५पासून या नावांची नोंदणी सर्वांना खुली झाली. सरकारी कार्यालयांसाठी ‘जीओव्ही डॉट इन’ आणि शिक्षणसंस्थांसाठी ‘एसी डॉट इन’ या उपफांद्या मात्र राखीव आहेत. तेथे कागदपत्रे दाखविल्याशिवाय प्रवेश नाही. ऑगस्ट २०१४पासून ‘डॉट भारत’ही उपलब्ध झाले, त्यामुळे मराठी संस्थेला आपले नाव देवनागरीतही नोंदविता येते.

सक्तीचे एक ठळक उदाहरण अलीकडेच घडले. बँकांच्या नावाशी मिळतीजुळती संकेतस्थळे उघडून ग्राहकांना लुबाडण्याचे प्रकार वाढल्याने रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५मध्ये बँकांसाठी ‘बँक डॉट इन’ ही वेगळी उपफांदी जाहीर केली आणि ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत तेथे स्थलांतर करण्यास सर्व बँकांना फर्मावले. नोंदणीचे काम हैदराबादच्या ‘आयडीआरबीटी’ या संस्थेकडे आहे. नागरी सहकारी बँकाही या आदेशात आल्या. महाराष्ट्रात अशा बँकांचे जाळे मोठे असल्याने त्याचा परिणाम येथे अधिक जाणवला. येथे नोंदणी ही खऱ्या अर्थाने अधिकृत झाली : पैसे भरले म्हणून नाव मिळत नाही, बँक असल्याशिवाय ते मिळतच नाही.

नावाची अशी पडताळणी किती आवश्यक आहे, ते अमेरिकेतील एका प्रयोगाने दाखवून दिले होते. तेथील ‘स्ट्राइप’ ही पैसे देण्याघेण्याचे व्यवहार हाताळणारी नामांकित कंपनी. डिसेंबर २०१७मध्ये एका सुरक्षा संशोधकाने केंटकी या दुसऱ्या राज्यात त्याच नावाची कंपनी रीतसर नोंदविली आणि त्या कागदांवर सर्वांत वरच्या दर्जाचे सुरक्षा-प्रमाणपत्र मिळविले. ब्राउझरच्या पट्टीत हिरव्या अक्षरांत ‘स्ट्राइप’ असे झळकू लागले. कुठेही खोटे नव्हते. नोंदणी खरी, प्रमाणपत्र खरे, कंपनी तेवढी दुसरी. २०१९मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स या ब्राउझरांनी पत्त्याच्या पट्टीतून संस्थेचे नाव दाखविणेच बंद केले.

नोंदणी केल्यानंतरची हलगर्जीही तितकीच महागात पडते. १९९९च्या नाताळात मायक्रोसॉफ्ट ‘पासपोर्ट डॉट कॉम’चे ३५ डॉलरचे नूतनीकरण शुल्क भरायला विसरली आणि हॉटमेलच्या कित्येक ग्राहकांना आपली टपालपेटी उघडेना. अखेर एका भल्या प्रोग्रॅमरने स्वतःच्या खिशातून ते पैसे भरले. आपल्याकडील लहान संस्थांत याचे वेगळेच रूप दिसते. संकेतस्थळ बनवून देणारा माणूस डोमेन स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ई-मेलवर नोंदवितो. सगळे सुरळीत असते तोवर कोणी विचारीत नाही. त्याने धंदा बंद केला किंवा त्याच्याशी बिनसले, की संस्थेचे नाव, तिचे ई-मेल आणि त्यावर अवलंबून असलेले सारे परवलीचे शब्द त्याच्या हाती राहतात. वहीत मालक म्हणून त्याचेच नाव असल्याने संस्थेला आपला हक्क शाबित करावा लागतो. नोंदीत मालकाच्या रकान्यात संस्थेचे नाव आहे काय, ई-मेल पत्ता पदाचा आहे की व्यक्तीचा, आणि मुदत कधी संपते, हे नोंदणी-कंपनीच्या खात्यात शिरून पाहायला दहा मिनिटे पुरतात.